आबाजी जंगलात होते

दारव्ह्याच्या स्टेशनात आता गाडी येत नाही. तरी फलाटावर पाय ठेवल्याबरोबर सोनू रुळांवर वाकून दोन्हीकडे पाहू लागला, आणि घनश्यामनं त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं.

"पडशीन ना बे!"

"बाबा, गाडी कधी येते?"

"तुह्या लग्नाले."

ड्रायव्हर फिरोज जीपला टेकून उभा होता, तो हसला. गोपालची पोरगी निकिताही हसली. घनश्यामचा धाकटा भाऊ गोपाल याला मात्र हे आवडलं नाही. भाऊबीज झाली, दोन्ही जावा आपापल्या माहेरी गेल्या, शाळेला सुट्टी होती, म्हणून त्यानं हा दिवस काढला होता. पोरांना देशाचा इतिहास पुस्तकात नाही, जागेवर दाखवायचा. आधी हे स्टेशन, मग सागदऱ्याचा टेकडा. जीप त्यानं सांगितली, डबे त्यानं बांधून घेतले, आणि पहिल्याच ठिकाणी दादानं मस्करी सुरू केली.

"निकिता, सोनू, इकडे पाहा," तो म्हणाला. "इथून आपल्या वावरातला कापूस जाय. मुंबईले, तिथून जहाजानं विलायतेले. अन् तिकून कापड होऊन आपल्यालेच विकाले येये."

"मंग आपण इथंच काहून नाही विणलं?" सोनूनं विचारलं.

"तेच त म्हणून राह्यलो मी. गुलामी होती."

"मले भूक लागली."

दोघा भावांची माय, बेबीताई, फलाटावरच्या दगडी बाकावर बसल्या होत्या. रुळांमध्ये गवत वाढून पिवळं पडलं होतं आणि त्यात एक शेळी चरत होती. त्यांना सकाळपासून बसल्या जागी चैन नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. यायला नको होतं, असं त्यांना वाटत होतं. पण घरी राहिलो असतो तर तिथंही हेच वाटलं असतं.

गोपालचा फोन वाजला. गावच्या वेशीवर आजोबांच्या, आबाजींच्या नावाची कमान होत होती, तिचं काम घेतलेला पेंटर, भीमसिंग.

"गोपालभाऊ, 'स्वातंत्र्यसैनिक' लिहून झालं. खाली नाव काय घेऊ? उकंडाजी गावंडे का उत्तमराव गावंडे?"

गोपाल चार पावलं बाजूला गेला. "उत्तमराव लिही."

म्हातारीचे कान तिखट होते. "कोण उत्तमराव?"

"माय, कमानीवर उकंडा लिहिलं त बरं दिसते काय? उकंडा म्हणजे कचऱ्याचा ढीग. सव्वीस जानेवारीले बाहेरगावचे लोक येतीन, फोटो काढतीन."

"त्याच ढिगानं त्यायले जगवलं," बेबीताई म्हणाल्या. सासऱ्याला त्या मामाजी म्हणत. "आधीचं एकबी लेकरू जगलं नव्हतं. मामाजी झाले, त त्यायच्या मायनं त्यायले उकंड्यावर लोळवलं, नावबी तेच ठेवलं. यमाले वाटलं, कचरा आहे, कायले न्यायचा. अन् तू त्यायले उत्तमराव करून राह्यला."

"अरे वा," घनश्याम म्हणाला, "म्हणजे यमालेबी फसवलं आबाजीनं. इंग्रजायची काय बात आहे."

गोपालनं फोन खिशात टाकला. फोनवर हे सगळं ऐकणाऱ्या भीमसिंगला "मी सांगतो नंतर तुले" असं सांगायचं राहूनच गेलं.

जीप सागदऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढं फिरोजच्या बाजूला गोपाल, त्याच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला आबाजींचा इळा, गवत कापायचा विळा. मधल्या सीटवर बेबीताई आणि निकिता. मागं घनश्याम आणि सोनू, एकमेकांवर आदळत.

"भाऊ, त्या कमानीखालून माही गाडी जाऊ द्यान ना?" फिरोजनं विचारलं. "का टोल लागते?"

"तुह्याकून त डबल घेऊ," गोपाल म्हणाला. फिरोज आणि तो दहावीपर्यंत एका बाकावर होते.

घनश्यामला हसू आलं, आणि लगेच आपल्याला हसू आलं याचा रागही आला. कमान बांधायची ठरली तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो नोकरीला राजूरला, खाणीच्या वर्कशॉपात. दिवाळीला घरी आला तेव्हा वेशीवर सिमेंटची कमान उभी होती. गोपालला पुढच्या साली सरपंच व्हायचं आहे, हे त्याला गावातल्या पानठेल्यावर कळलं. आबाजी दोघांचे होते, पण कमान एकट्या गोपालची झाली होती. येताना त्यानं ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर विचारायचं. पण पुढच्या सीटवर त्या लाल फडक्यावर हात ठेवून बसलेला भाऊ पाहिला की शब्द पुढं सरकत नव्हता.

निकिताचं भाषण पाठ करणं चालू होतं. "माझे पणजोबा, स्वातंत्र्यसैनिक उत्तमराव गावंडे, यांनी एकोणीसशे तीस साली जंगल सत्याग्रहात भाग घेतला. इंग्रजांनी आपलंच जंगल राखीव करून आपल्याच गुराढोरांना गवत बंद केलं होतं. तेव्हा माझ्या पणजोबांनी हातात विळा घेऊन..."

"आवाज चढव तिथं," गोपाल म्हणाला. "'हातात विळा घेऊन' म्हटलं की हात वर करजो."

निकितानं हात वर केला.

"डावा नको. उजवा."

तिनं हात बदलला. याची तिला सवय होती. प्रसाद घेताना उजवा, पाहुण्यांना पाणी देताना उजवा. दसऱ्याला देव्हाऱ्यापुढं इळ्याला कुंकू लावायचं, तेव्हा तर बाबा तिचा डावा हात धरूनच ठेवायचे. वही आणि चमचा एवढंच डाव्या हाताच्या वाट्याला उरलं होतं.

घनश्यामला आबाजी थोडेफार आठवत होते. ते गेले तेव्हा तो सातवीत होता. पोळ्याच्या दिवशी अंगणात बसून ते या इळ्याला तेल लावत. बाजाराच्या दिवशी घनश्यामला सोबत घेऊन दारव्ह्याला जात, पूर्ण बाजार फिरत, आणि काही न घेता परत येत. "आबाजी, आपण कायले गेलतो?" असं विचारलं तर म्हणत, "पाह्याले." सत्याग्रहाबद्दल त्यांच्या तोंडून त्यानं एक शब्द ऐकला नव्हता. ते सगळं बाबांनी सांगितलं होतं, आणि बाबांना मायनं सांगितलं होतं. आबाजी तीस साली जंगलात होते.

टेकड्यावर चढायला पायवाट होती. वर एका कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा आणि त्यावर कमरेएवढा दगड. दगडावर एवढंच कोरलेलं: जंगल सत्याग्रह, १९३०. नाव कोणाचंच नव्हतं. आजूबाजूला उभं गवत, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेलं.

"इथं," गोपाल म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला. "या जागेवर आपले आबाजी उभे होते."

 सोनूनंसुद्धा भूक लागल्याचं सांगितलं नाही. बेबीताई ओट्याला हात लावून उभ्या होत्या, दगडाकडे न पाहता खालच्या उतारावर पाहत.

मग गोपालनं फडकं सोडलं, फोन फिरोजच्या हातात दिला आणि गवतात गेला. व्हिडिओ काढायचा होता. पणजोबांच्या इळ्यानं, त्याच जागेवर, मूठभर गवत कापायचं. सव्वीस जानेवारीला पडद्यावर दाखवायचं.

"घे, चालू केलं," फिरोज म्हणाला.

गोपालनं डाव्या हातानं गवताची मूठ धरली आणि उजव्यानं इळा ओढला. गवत कापलं गेलं नाही. इळा वर सरकला आणि काड्या मुळासकट उपटून आल्या. त्यानं पुन्हा ओढला. या वेळी पातं बोटाजवळून गेलं.

"भाऊ, गवत कापून राह्यले का दाढी करून राह्यले?"

"बोथट झाला असन," गोपाल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "इतक्या वर्षाचा आहे. दादा, तू पाह्य."

घनश्यामनं अंगठ्यानं धार पाहिली. "बोथट नाही बाप्पा. लागते चांगली." त्यानं ओढून पाहिला. पुन्हा तेच. इळा गवतावरून घसरत होता, जसं काही त्याला या घरच्या हाताखाली कामच करायचं नव्हतं.

"मी पाहू?" निकिता म्हणाली, आणि कोणी हो म्हणायच्या आत तिनं इळा घेतला. तिच्या लक्षातही आलं नाही की आपण तो डाव्या हातात घेतला. तिनं उजव्या हातानं गवत धरलं आणि ओढलं.

खस्.

मूठभर गवत तिच्या हातात आलं, खाली सपाट कापलेलं. तिनं पुन्हा ओढलं. खस्. आवाज इतका साफ होता की शेजारच्या झुडपातून एक तितर उडाला.

"ताई, मस्त!" सोनू ओरडला.

"उजव्या हातात धर," गोपाल म्हणाला. "व्हिडिओत डावा बरा नाही दिसत."

"उजव्यात चालतच नाही, बाबा. पाहा." तिनं हात बदलला. इळा सरकला. पुन्हा डाव्यात घेतला. खस्. "हा डाव्या हाताचाच आहे."

घनश्यामनं इळा तिच्या हातातून घेतला, उन्हाकडे धरला. मग मायकडे पाहिलं. "माय, आबाजी डावखुरे होते काय?"

बेबीताईंनी पदराचं टोक सोडलं. पंधरा वर्षं त्यांनी सासऱ्याला ताट वाढलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "उजव्या हातानं जेवत. उजव्या हातानं काठी धरत."

"मंग हा इळा?"

"हा त्यायचा नाही."

"काय बोलून राह्यली तू?" गोपाल म्हणाला. "दर साली पूजा करून राह्यलो आपण याची."

"मी सांगतलं होतं काय पूजा कर म्हणून? मामाजी गेल्यावर तुह्या बापानं टांगला देवापाशी. पूजेच्या वस्तूले कोणी वापरून पाहत नाही, म्हणून तुमाले समजलं नाही. मी आयुष्यभर गवत कापलं. इळ्याले धार एका अंगानं राह्यते. उजव्या हातवाल्याची एका अंगानं, डाव्याची दुसऱ्या. मले पहिल्याच दिवशी दिसलं. म्हणून इचारलं मी मामाजीले."

"अन् आबाजी सत्याग्रहात होते हे? तूच सांगतलं ना बाबाले?"

"मी म्हटलं, जंगलात होते."

"हो मंग! तीस साली जंगलात होते!"

"जंगलामंदी रे, बाप्पा! जंगल खात्यात. नाकेदार होते थे, जंगलाचे शिपाई. सरकारचे. तुह्या बापाच्या जन्माआधी, दुसऱ्या गावी." बेबीताईंचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "माह्या माहेरी जंगलात म्हटलं की कोणीबी जंगलातली नोकरी समजे. फारेस्ट नव्हते म्हणत तेव्हा. तुह्या बापानं तुमच्या शाळेत मास्तरले सांगतलं, मास्तरनं टाळ्या वाजवल्या. मंग घरी येऊन कोण म्हणते, थांबा म्हणून? मामाजी ऐकत, अन् उठून गोठ्यात जात."

फिरोजनं फोन हळूच बंद केला.

गोपाल ओट्यावर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. त्याला भीमसिंग आठवला, रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलेला. गावातले लोक आठवले, जे आता त्याला पाहिलं की आधी नमस्कार करत. ज्या माणसाच्या नावाची कमान, तो माणूस समोरच्या बाजूला उभा होता. खाकी घालून. गवत कापणाऱ्यांना धरायला.

"कोणाले सांगायचं नाही," तो म्हणाला. "सोनू, ऐकलं? हे घरातलं आहे. फिरोज..."

"मले काय सांगता भाऊ, मी त ड्रायव्हर आहे," फिरोज म्हणाला आणि जीपकडे उतरू लागला.

गोपालनं भावाकडे पाहिलं. आता हा बोलेल. ज्याची वाट पाहत होता ते त्याला फुकटात मिळालं.

घनश्यामलाही तसंच वाटलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण दगडाशेजारी उभी असलेली माय त्याला दिसली, आणि बाजारातून रिकाम्या पिशवीनं परत येणारे आबाजी. "गोपाल बरोबर म्हणते," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाले कायले उकरता? कमान झाली, लोकायले माहीत झालं. आता खोटं त खोटं. उद्या पोरायले शाळेत कोणी काही म्हटलं मंग?"

गोपालला विश्वास बसेना. सकाळपासून टोमणे मारणारा दादा त्याच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि तरी त्याला बरं वाटलं नाही.

"मग मी भाषण करत नाही," निकिता म्हणाली.

"काहून?"

"मले माहीत झालं ना आता."

"तुले काय माहीत झालं? आजीनं एक गोष्ट सांगतली..."

"अर्धीच सांगितली," निकिता म्हणाली, आणि आजीशेजारी जाऊन बसली. "आजी, मग हा कोणाचा आहे?"

बेबीताईंनी इळा मांडीवर घेतला. हे सांगायचं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, न सांगायचंही ठरवलं नव्हतं.

"त्या दिवशी लोक आले, ओळीनं गवत कापाले बसले. साहेबानं हुकूम केला, इळे हिसका. मामाजी लहान होते, नवे नवे नोकरीले लागलेले. त्यायच्या समोर एक माणूस होता, त्यायच्याच वयाचा, डाव्या हातानं कापून राह्यलता. मामाजी घाबरून धावले अन् पात्यालेच हात घातला. थो माणूस म्हणे, 'थांब गा, हात कापशीन.' अन् त्यानं इळा फिरवला. पातं आपल्याकडे घेतलं अन् मूठ मामाजीच्या हातात देल्ली."

वारा आला. गवत झुकलं आणि सरळ झालं.

"मंग त्याले गाडीत टाकून नेलं. बाकीचे इळे नाक्यावर जमा झाले. हा मामाजीनं कमरेले खोसला. म्हणे, याचा धनी सुटून आला की देऊन देईन. नावगाव इचारलं नव्हतं. हातच पाह्यला होता."

"मग आला तो?"

"नाही आला. मामाजीनं नोकरी लगेच सोडली नाही हो. पोटाची होती. पण बाजारात गेले की लोकायचे तोंड नाही पाहत, हात पाहत. कोण डाव्या हातानं पैसे देते, कोण डाव्या हातानं मिरच्या निवडते. गंजू नये म्हणून तेल लावत. मले म्हणत, बेबी, डाव्या हाताचा माणूस आला त इचारजो, त्याच्या घरचं कोणी तीस साली गेलतं काय. तुमी त्याले कुंकू लावलं. थे कुंकवासाठी नव्हतं ठेवलेलं."

घनश्याम पाठ फिरवून उभा राहिला. पाह्याले, आबाजी म्हणायचे.

 डबे उघडले गेले, पोळ्या खाल्ल्या गेल्या, सोनूनं लोणचं सांडलं. कोणीही दगडापुढं फोटो काढायचं नाव घेतलं नाही.

परतताना दारव्ह्यात जीप बाजाराच्या गर्दीत अडकली. पालकाच्या जुड्या, तुरीच्या हिरव्या शेंगा, वजनकाटे, हातगाड्या. फिरोज हॉर्न वाजवत होता आणि कोणी हटत नव्हतं. गोपालनं मागं वळून पाहिलं. माय खिडकीतून बाहेर पाहत होती. तिच्या खांद्यावरून निकिताही. दोघींची नजर लोकांच्या तोंडावर नव्हती.

"तो पाह्य," निकिता हळूच म्हणाली. "जिलेबीवाला."

"नाही. त्यानं उजव्यानं तोलली," आजी म्हणाली.

गोपालचा फोन वाजला. भीमसिंग. तो वाजू देत राहिला. बंद झाला, पुन्हा वाजला.

"निकिता," तो म्हणाला, "थो इळा दे इकडे."

तिनं फडक्यातून इळा काढला. पातं आपल्या पोटाकडे वळवलं आणि मूठ पुढं केली. "सांभाळून, बाबा. हात कापान."

तिनं ते मुद्दाम केलं की सहज, हे गोपालला कळलं नाही. मूठ त्याच्या हातात आली. लाकूड गुळगुळीत होतं. इतक्या दसऱ्यांत त्यानं या मुठीला कधी हात लावला नव्हता. कुंकू नेहमी पात्यालाच लावायचे.

फोन तिसऱ्यांदा वाजला. त्यानं घेतला.

"भाऊ, शिडीवर उभा आहो मी कधीचा. उत्तमराव घेऊ ना?"

"नाही."

"मंग उकंडाजी?"

"नाव नको. वरचं 'स्वातंत्र्यसैनिक' बी पुसून टाक."

"आं? मंग लिहू काय?"

"लिहू नको. इळा काढता येते काय तुले?"

पलीकडून भीमसिंग म्हणाला, "कम्युनिस्ट झाले काय भाऊ?"

"गेली तुही सरपंचकी," घनश्याम मागून म्हणाला, पण आवाजात टोमणा नव्हता. "लोकायले काय सांगशीन?"

"मले नाही माहीत," गोपाल म्हणाला.  घरी पोचेपर्यंत आपण आपला शब्द फिरवू, अशी त्याला भीती वाटत होती. म्हणून तो घाईनं फोनमध्ये बोलला, "एक मोठा इळा काढ, भीमसिंग. फक्त इळा."

"काढतो. पातं कोणत्या अंगाले करू?"

गोपालनं मांडीवरच्या इळ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी डाव्या हातानं मिरच्या उचलत होतं, आणि मागच्या सीटवर दोघीही एकदम पुढं झुकल्या.

"पातं गावाकडे," तो म्हणाला. "मूठ रस्त्याकडे."